बोलोन्यातल्या खोलीसाठी सव्वा लाख घालवले, वाचून घ्या

मुलगी सप्टेंबरात एका सेमिस्टरसाठी इटलीत बोलोन्याला गेली. युनिव्हर्सिटी 1088 पासूनची, गाव जुनं, जिकडेतिकडे कमानींखालचे फूटपाथ, आणि भाड्याच्या खोल्यांची बोंब, हे शेवटचं आम्हाला कुणी धड सांगितलंच नव्हतं. दोन महिने शोधून काही मिळेना, तेवढ्यात व्हॉट्सॲप ग्रुपवर एक ताई भेटली, अस्सल मराठी, म्हणे मी पण ठाण्याची, नौपाड्यात मामा राहतात, माझी खोली सोडतेय, मालकाशी बोलून देते. झालं, आमची अक्कल तिथंच गहाण पडली.

महिना 450 युरो, वर दोन महिन्यांचं डिपॉझिट, म्हणजे 1350. मालकाच्या ओळखपत्राचा फोटो आला, सह्यांचं ॲग्रीमेंट आलं, खोलीचा व्हिडिओ पण, निळा पडदा आणि खिडकीतून लाल कौलं. लाइव्ह दाखवा म्हणलं तर मी मिलानला असतो. कासारवडवलीला भाड्याचा फ्लॅट घेताना पाणी किती वाजता येतं विचारायला मी दोन चकरा मारल्या होत्या, आणि इथं न बघता पैसे पाठवले!

पोरगी दोन बॅगा ओढत (एकीत भाजणी नि मेतकूट, माझाच हट्ट) पत्त्यावर पोचली. बिल्डिंग खरी होती. तिकडे दाराशी बेलच्या पाटीवर घराघराची आडनावं असतात, ती पाटी तिने तीनदा वाचली, मालकाचं आडनाव कुठेच नाही, तळमजल्यावरच्या आजींनी हातवारे करून सांगितलं की इथं कुणी खोली देत नाही. मला फोन आला तेव्हा इकडे रात्रीचे साडेदहा. ताईचा नंबर बंद, ग्रुपमधूनही गायब.

मग हॉस्टेल. त्यात तिथं पोचल्यापासून कामाच्या 8 दिवसांत तिथं राहायच्या परमिटचा अर्ज पोस्टात द्यावा लागतो, अर्जात पत्ता लिहायचा आणि पत्ताच नाही. त्या अर्जाचं किट पोस्टात फुकट मिळतं, बाहेर एकजण तेच 20 युरोला विकत होता, पण तोवर ही शहाणी झाली होती.

नंतर भाच्याने आयबॅन, म्हणजे पैसे पाठवले त्या खात्याचा आंतरराष्ट्रीय नंबर, बघितला. इटलीच्या खात्याचा आयटीने सुरू होतो, 27 अक्षरांचा. आम्हाला दिलेला होता एलटी, म्हणजे लिथुआनिया, 20 अक्षरांचा. तिथलं खातं म्हणजे चोरच असं नाही, पण बोलोन्याच्या घरमालकाला एकदा विचारायचं तरी! बँकेचा फॉर्म मीच भरला होता, तो नंबर दोनदा तपासला होता, एखादं अक्षर चुकायला नको म्हणून. तिथं करार 30 दिवसांत टॅक्स खात्याकडे रजिस्टर करावा लागतो, तेही विचारलं नाही.

सायबर फसवणुकीच्या 1930 हेल्पलाइनवर तक्रार केली, तिनेही तिथल्या पोलिसांत दिली, बँक म्हणते समोरच्या बँकेने परत पाठवले तर येतील. अजून काही नाही. तुमच्या कुणाला निळ्या पडद्याची खोली दाखवली असेल तर पैसे पाठवायच्या आधी मला मेसेज करा, माझ्याकडे सगळे फोटो आहेत.