आधी पाऊस बघितला, मग घर वाढवलं : दापोलीच्या आर्किटेक्ट मॅडमच्या कामाचा आमचा अनुभव

काम मे महिन्यातच संपलं होतं पण रिव्ह्यू लिहायला मी मुद्दाम थांबले, कारण कोकणात घर कसं झालंय ते मे महिन्यात कळतच नाही, एक अख्खा पावसाळा त्याच्या अंगावरून गेला की कळतं. आता दसरा झाला, पाऊस गेला, सगळ्या भिंतींना हात लावून बघून झाला, म्हणून आज लिहायला बसलेय.

घर आमचं हर्णैच्या जवळ, वाडीत. चिऱ्याचं (म्हणजे जांभ्या दगडाचं), मंगलोरी कौलांचं, पुढे पडवी नि ओटी, मधे माजघर, मागे स्वैपाकघर, परसात विहीर आणि एक मोठा फणस. सासऱ्यांच्या वडिलांनी बांधलेलं. आम्ही डोंबिवलीहून २०२१ ला कायमचे इकडे आलो, सासूबाईंचं गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, मुलगा दहावीत, आणि झोपायच्या खोल्या दोनच. म्हणजे घर वाढवणं भागच होतं.

वाढवायची भीती का वाटत होती ते आधी सांगते. २००९ साली घरच्यांनी एका कंत्राटदाराकडून मागच्या बाजूला स्लॅबची एक खोली काढून घेतली होती. जुन्या कौलांचं पाखं (छपराची उतरती बाजू) जिथे संपतं तिथेच सपाट स्लॅब चिकटवलेला, त्यामुळे अख्ख्या पाख्याचं पाणी धो धो त्या सांध्यावर यायचं. दुसऱ्याच पावसाळ्यात गळायला लागला. डांबर झालं, केमिकल झालं, वर पत्र्याची शेड झाली, तरी गळतोच. आणि समुद्राची हवा, ती सळईपर्यंत पोचली की सळई गंजते नि गंज लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, मग स्लॅब आतून फुटतो. २०२२ ला त्या खोलीत गादीवर हातभर पोपडा पडला, नशीब की तेव्हा खाली कुणी झोपलेलं नव्हतं. तेव्हाच ठरवलं की आता नकाशा काढून देणारा नको, घर समजून घेणारा माणूस हवा.

मॅडमना पहिला फोन केला एप्रिलमध्ये. त्या म्हणाल्या आत्ता येऊन मला काय दिसणार, मी जुलैत येते. मला आधी जरा रागच आला, कारण आमचा विचार होता की पावसाच्या आधी निदान जोतं तरी उरकून घेऊ. पण खरंच जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात, बाहेर पाऊस कोसळत असताना, गमबूट घालून बाई हजर. दोन दिवस आमच्याकडेच राहिल्या. सासूबाईंनी पहिल्या तासातच "अगो, आधी डोकं पूस, मग काय ती मापं घे" म्हणून टॉवेल हातात दिला आणि तिथून दोघींची गट्टी जमली.

त्या दोन दिवसांत त्यांनी टेप फार कमी वेळा काढली. कोळशाचा एक तुकडा मागून घेतला आणि झड (वाऱ्याने तिरका येणारा पाऊस) जिथपर्यंत आत येते तिथे पडवीच्या जमिनीवर रेघ मारली, पागोळ्यांचं पाणी अंगणातून उडून भिंतीवर जिथपर्यंत चढतं तिथे भिंतीवर रेघ मारली. रात्री वारा वाढला तेव्हा उठून परत मारली. नैऋत्येच्या बाजूला जमिनीवरची रेघ भिंतीकडे पावणेसहा फूट आत आली होती, पूर्वेला जेमतेम दोन फूट. भिंतीवरची रेघ जोत्याच्या वर एक वीत. पुढे नकाशा आला त्यात नवीन पडवी नैऋत्येला सात फूट आणि पूर्वेला तीन फूट, जोतं अंगणापासून अडीच फूट. आम्ही विचारलं की दोन्हीकडे सारखी का नाही तर म्हणाल्या तुमच्याकडे पाऊस दोन्हीकडून सारखा येत नाही ना. यावर्षी जुलैत मी स्वतः बघितलं, नवीन खोलीच्या भिंतीला एक थेंब लागला नाही आणि पडवीतल्या दोरीवर भर पावसात कपडे वाळले. ज्यांनी कोकणात पावसाळा काढलाय त्यांना यातलं सुख वेगळं सांगायला नको.

आता सगळ्यात महत्त्वाचं, जुन्या-नव्याचा सांधा. घर वाढवताना गळती बहुतेक इथेच सुरू होते. दोन छपरं एकमेकांना भिडवली की मधे पन्हळ येते, तिच्यात फणसाची पानं साठतात, पाणी तुंबतं नि कौलांखालून आत शिरतं. मॅडमनी छपरं भिडवलीच नाहीत. स्लॅबची खोली पाडून टाकली आणि दोन खोल्या नि बाथरूम असं वेगळं दुपाखी छप्पर जरा लांब उभं केलं, आणि जुन्या घरापासून तिथपर्यंत पाच फुटी बोळ, त्या बोळाचं छप्पर जुन्या वळचणीच्या (छपराच्या खालच्या कडेच्या) खाली फूटभर सरकवलेलं. जुन्या कौलांचं पाणी बोळाच्या कौलांवर पडतं आणि तिथून बाजूला अंगणात, मधे कुठे पन्हळच नाही. आमचे गवंडीदादा पहिल्यांदा म्हणाले "वैनी, जागा फुकट जातेय तुमची", पण पहिला मोठा पाऊस झाल्यावर स्वतः येऊन बोळात उभे राहिले, वर बघत राहिले आणि म्हणाले, "ह्यां बरां झालां."

बोळ आणि दोन्ही खोल्या माजघराच्या पातळीलाच आहेत, मधे कुठे उंबरा नाही. जमीन लाल कोबा, मुद्दाम जरा खरखरीत ठेवलेली. सासूबाई वॉकर घेऊन देवघरापासून स्वतःच्या बाथरूमपर्यंत कुणाला हाक न मारता जातात. आम्हाला चकचकीत टाइल्स हव्या होत्या, मॅडमनी भांडून आम्हाला नको म्हणायला लावलं, आज बरं वाटतं.

फणसाबद्दल. बाहेरच्या तीन जणांनी आधी येऊन बघितलं होतं आणि तिघांनी पहिलं वाक्य हेच म्हटलं की फणस काढावा लागेल. सासूबाई दर वेळी उठून आत जायच्या, काही बोलायच्या नाहीत. मॅडमनी खोली चार फूट तिरकी सरकवली आणि पाया खणताना एक मांडीएवढं मूळ आडवं आलं तिथे काम थांबवायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी येऊन मुळाच्या दोन्ही बाजूंना पाया खोल घेतला आणि मुळावरून चिऱ्याची छोटी कमान टाकली, वर हातभर मोकळी जागा ठेवून, म्हणजे मूळ पुढे जाड झालं तरी भिंतीला धक्का नाही. चौदा चिरे तासून बसवलेत त्या कमानीत. गवंडीदादांनी पूर्ण दीड दिवस घालवला त्याच्यावर आणि तो दीड दिवस सासूबाई तिथेच खुर्ची टाकून बसल्या होत्या. यंदा फणस नेहमीसारखाच लागला.

चिऱ्याचं पण लिहिते कारण यात बरेच जण फसतात. जांभा खाणीतून काढला की मऊ असतो, हवा लागत गेली की घट्ट होतो. मॅडमनी चिरे आदल्या पावसाळ्याच्या आधी आणून गडग्याशी (कुंपणाच्या दगडी भिंतीशी) उघड्यावर रचून ठेवायला लावले, घरपोच ३८ रुपये पडला तेव्हा. पावसानंतर जे ठिसूळ होते, पिवळी माती सुटत होती, ते सरळ बाजूला काढले, शंभरातले दहा-बारा निघाले. ते अंगणाच्या पाखाडीला (दगडी पायवाटेला) वापरले. भिंतींना बाहेरून प्लॅस्टर नाही, फक्त दर्जा (चिऱ्यांमधले सांधे) भरल्यात, त्यामुळे भिंतीत शिरलेली ओल बाहेर पडायला वाट राहते. २००९ च्या खोलीला वरून सिमेंटचा जाड थर होता आणि आत ओल कोंडून तो फुगून सुटायचा, तो फरक आता समोर दिसतो.

कौलं सगळी जुनी, सेकंड हँड. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं, लागलं ते अलिबागजवळ पण दापोली-मंडणगडात वाड्याच्या वाड्या आडव्या झाल्या, त्यानंतर खूप लोकांनी कौलं काढून पत्रे घातले. तीच कौलं आम्ही ८ रुपये नगाने घेतली, टकटक वाजवून एकेक निवडली. एका कौलावर बासेल मिशनचा (स्वित्झर्लंडची मिशनरी संस्था) ठसा निघाला, त्यांनी मंगळुरात १८६५ ला कौलांचा कारखाना काढला होता. ते एक मुलाने घासून पुसून ओटीवर ठेवलंय. खाली सपाट सीलिंगची कौलं आणि मधे हवेची पोकळी, त्यामुळे दुपारी खोली तापत नाही. वादळाचा विचार करून वळचणीच्या दोन ओळी, कडा आणि आढ्याची कौलं तारेने बांधलीत, कारण वारा आधी तिथेच हात घालतो, आणि वासे भिंतीवरच्या पट्टीला लोखंडी पट्ट्यांनी जखडलेत. लाकडाला काजूच्या टरफलाचं तेल दोन हात, वाळवीसाठी. बिजागऱ्या पितळेच्या, महाग पडल्या पण जुन्या खोलीच्या लोखंडी बिजागऱ्या आठवून गप्प बसले.

पाण्याचा हिशोब त्यांनी कागदावर करून दाखवला. आमच्या भागात वर्षाला साधारण ३५०० मिलिमीटर पाऊस, नव्या छपराखालची जागा पडव्या धरून ७० चौरस मीटर, म्हणजे एका पावसाळ्यात जवळपास अडीच लाख लिटर पाणी फक्त या नव्या छपरावर. आमची विहीर एप्रिलअखेर मचूळ होते. आता ते पाणी विहिरीपासून जरा वर, दगड-खडी-वाळू भरलेल्या खड्ड्यात जिरवलंय. विहिरीत फरक पडला का ते येत्या एप्रिलमध्ये कळेल, तेव्हा इथे भर घालेन.

परवानगीचं काम पण त्यांनीच सांभाळलं. आमचं घर भरतीरेषेपासून साडेतीनशे मीटरवर आहे म्हणून सीआरझेडची (समुद्रकिनाऱ्यालगतच्या बांधकामाचे नियम) २०० मीटरची अडचण आली नाही, पण आमच्या चुलत सासऱ्यांचं घर पुळणीला (किनाऱ्यावरच्या वाळूला) लागून आहे, त्यांना मॅडमनी स्पष्ट सांगितलं की आहे त्या जोत्यावर दुरुस्ती होईल, जोतं वाढवता येणार नाही, उगीच माझी फी भरू नका. काम हातातून जात असताना असं सांगणारी माणसं कमी.

आता जे आवडलं नाही ते. आठ महिने सांगितले होते, चौदा लागले. मॅडमना सुतार त्यांच्या ओळखीचाच हवा होता आणि तो दोन महिने दुसऱ्या कामावर अडकला, तोपर्यंत अर्धवट वासे ताडपत्रीखाली. एक पावसाळा आम्ही पाडलेल्या खोलीचं सामान माजघरात रचून काढला, आजारी माणूस घरात असताना हे सोपं नाही. बजेट साडेअकरा लाख ठरलं होतं, तेरा लाख साठ हजारावर गेलं (४८० चौरस फूट खोल्या, पडव्या वेगळ्या). त्यात त्यांची फी ८ टक्के, सहा साइट व्हिजिट धरून, पुढच्या व्हिजिटचे वेगळे पैसे, हे पहिल्याच दिवशी नीट लिहून घ्या, आम्ही घेतलं नव्हतं.

दुसरं, पडवी खोल केल्यामुळे जुलैत खोल्यांत अंधार व्हायचा, मुलाला दिवसा लाइट लावून अभ्यास करावा लागायचा. हे त्यांच्या आधी लक्षात यायला हवं होतं. फोन केल्यावर मात्र चार दिवसांत माणूस पाठवून चार काचेची कौलं बसवून दिली, पैसे घेतले नाहीत. आणि आढ्याजवळ हवेला ठेवलेल्या फटीतून उदमांजर आत शिरून दोन कौलांच्या पोकळीत राहायला लागलं, रात्रभर धावपळ. तिथे जाळी मारायची राहिली होती. आता मारलीय. कुणी असं दुहेरी कौलाचं करत असाल तर जाळी आधी मारून घ्या, नंतर वर चढून कौलं उतरवून परत बसवण्यात पाच-सहा कौलं फुटतात.

बाथरूमची वरची भिंत विटांच्या जाळीची आहे, आर्किटेक्ट लॉरी बेकर यांनी केरळात घराघरांत केली तशी. उजेड-वारा भरपूर, बुरशी अजिबात नाही, पण पहाटे गार वारा येतो आणि सासूबाईंना सोसत नाही. आतून एक सरकती फळी लावायची आहे, सुतार येईल तेव्हा.

पाचपैकी साडेचार देते, अर्धा वेळेसाठी कापला. घाई असेल, लग्नाच्या आधी खोली हवी असेल तर यांच्याकडे जाऊ नका, खरंच नको. पण जुनं घर आहे, ते मोडायचं नाहीये, झाडं ठेवायचीत, तर नक्की बोलवा, आणि फोन फेब्रुवारी-मार्चमध्येच करून ठेवा कारण जुलैत त्या दोन किंवा तीनच घरं बघायला घेतात.

फोटो पाच टाकलेत. तिसरा कमानीचा आहे, मूळ खालून जाताना दिसतं. पाचव्यात पडवीच्या जमिनीवर भिंतीशी जी काळी रेघ दिसतेय ती यंदाची आहे, जुलैत कोळसा घेऊन आमच्या मुलाने मारलेली, झड कुठपर्यंत आली ते बघायला. भिंतीपासून दीड फुटावर थांबलीय.