फुले संगम सोयाबीन: पेरणीपासून घरच्या बियाण्यापर्यंत वर्षभराचा अनुभव

हातकणंगले तालुक्यातील आमच्या 30 गुंठ्यांत अनेक वर्षे जेएस 335 हेच सोयाबीन होते. हा वाण लवकर निघतो. मात्र आपल्याकडच्या झडीच्या पावसात त्यावर तांबेरा, म्हणजे पानांवरचा बुरशीजन्य रोग, आला की शेंगा भरण्याआधीच पाने गळतात. म्हणून 2024 च्या खरिपात, राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने कसबे डिग्रजच्या संशोधन केंद्रात विकसित केलेला केडीएस 726, म्हणजे फुले संगम, पेरला.

तांबेरा यावरही दिसला, पण पाला शेवटपर्यंत टिकला आणि दोनऐवजी एकाच फवारणीत भागले. चूक माझी झाली ती दहा गुंठ्यांत: तिथे जुन्या सवयीने बियाणे दाट पडले. हा वाण उंच वाढतो आणि पसरतो, त्यामुळे तेवढे पीक लोळले. उरलेल्या रानात अंतर सोडून टोकणी, म्हणजे हाताने एकेक बी लावण्याची पेरणी, केली होती, तिथे झाडे शेंगांनी लगडली. काढणी आठ-दहा दिवस लांबली, आणि त्यामागून ऊस लावायचा असल्याने ते दिवस जड गेले.

आदल्या वर्षी सहा क्विंटल निघाले होते, या वेळी नऊ. उत्पादन दीडपट झाले, पैसे मात्र दीडपट झाले नाहीत. आदल्या वर्षी क्विंटलला 4,600 रुपयांनी विकले होते. 2024 च्या हंगामात हमीभाव 4,892 रुपये असताना ओलाव्याचे कारण सांगून व्यापाऱ्याने 4,150 रुपयेच दिले. अर्धा क्विंटल बियाण्यासाठी राखून उरलेल्या साडेआठ क्विंटलचे सव्वापस्तीस हजार आले, म्हणजे वाढ साडेसात हजारांच्या आसपास, आणि त्यातूनही जादा मळणीचा खर्च गेला. माल वाळवून महिनाभर ठेवायला आमच्याकडे ना खळे आहे ना कोठार. सोसायटीचे देणेही थांबत नाही. खंडाने शेती करणाऱ्या शेजाऱ्याला तर मळणीच्या दिवशीच माल द्यावा लागला.

माझ्या मते खरा लाभ राखलेल्या अर्ध्या क्विंटलात आहे. सोयाबीन स्वपरागीत, म्हणजे स्वतःच्याच परागाने फळणारे, असल्याने संकरित वाणाप्रमाणे दरवर्षी नवे बियाणे घ्यावे लागत नाही. फक्त त्याचे टरफल नाजूक असते, म्हणून मळणीयंत्र हळू चालवले आणि पोत्यांची थप्पी उंच रचली नाही. मे महिन्यात शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून पाहिले, 82 उगवले. 70 उगवले तरी चालते. पुढच्या खरिपाला बियाण्याची पिशवी विकत आणली नाही, आणि उरलेले बियाणे दोन भाऊबंदांना पैऱ्याच्या, म्हणजे एकमेकांच्या शेतातल्या कामाच्या, बदल्यात दिले.