मिक्स फॅमिलीने सिंगापुरात घर कुठे घ्यावं? तोआ पायोचा दोन वर्षांचा रिव्ह्यू

बऱ्याच जणी विचारतात म्हणून एकदाच लिहून टाकते. मी डोंबिवलीची, नवरा इथलाच सिंगापूरचा चायनीज, सासरी होक्क्येन ही चिनी बोली बोलतात, आणि लेक दोघांची मिळून. आधी काही वर्षं भाड्याने कॉन्डोत, म्हणजे खाजगी सोसायटीत राहिलो, मग सप्टेंबर २०२३ मध्ये तोआ पायो भागात एचडीबीचा, म्हणजे सरकारी बिल्डिंगमधला जुना फ्लॅट रीसेलमध्ये घेतला. आमच्यासारख्या घराला इथे कसं वाटतं एवढंच सांगतेय, इंटिरियर वगैरे विचारू नका, अजून पडदे लागलेले नाहीत.

कॉन्डोचं आधी सांगते, कारण सगळे म्हणतात की तिथे इंटरनॅशनल क्राउड असतो, तुम्हाला बरं पडेल. क्राउड होता खरा, स्विमिंग पूलवर दहा देशांची माणसं, सगळी हसून हॅलो म्हणणार. पण लेक दिसायला अगदी बापावर गेलीये आणि मी सावळी, त्यामुळे खाली झोपाळ्यापाशी मला तीन वेळा विचारलं गेलं की तू कुठल्या एजन्सीकडून आलीस, तुला सुट्टी कधी असते, म्हणजे मी तिची मेड. त्यातली एक तर आपल्याकडचीच बाई, तिने चक्क हिंदीत विचारलं! मी म्हटलं सुट्टी नाही हो मिळत, चोवीस तास ड्यूटी आहे.

आणि तो कॉन्डो मिळण्याआधीची गंमत वेगळीच. एका एजंटला फोन केला, नाव सांगितलं, तर म्हणे ओनरला इंडियन नकोत, कुकिंगचा प्रॉब्लेम होतो. तासाभराने नवऱ्याने त्याच्या नंबरवरून फोन केला तर त्याच घरासाठी दुसऱ्या दिवशी दुपारची वेळ दिली. मी फार चिडले नाही खरं सांगायचं तर, आडनाव ऐकून व्हेज का नॉनव्हेज विचारणारे घरमालक आपल्याकडे काय कमी आहेत का.

तर मग विकत घ्यायचं ठरलं. इथे दहातली जवळपास आठ माणसं एचडीबीत राहतात, आणि तिथे १९८९ पासून वंशाचा कोटा आहे. एका ब्लॉकमध्ये, म्हणजे एका बिल्डिंगमध्ये, चायनीज जास्तीत जास्त ८७ टक्के, मलय २५ टक्के, इंडियन आणि बाकीचे मिळून १५ टक्के. हेतू असा की एकाच समाजाची वस्ती एका जागी साचू नये. आमच्यासारख्या जोडप्याला नवऱ्याची किंवा बायकोची, कुठलीही एक रेस लावून फ्लॅट घेता येतो. ऐकायला मस्त वाटतं, पण एजंटने सांगितलं की घेताना जी लावाल तीच विकताना मोजतील, आणि इंडियन म्हणून घेतलात आणि तेव्हा ब्लॉकमध्ये चायनीज कोटा भरलेला असला तर चायनीज गिऱ्हाइकाला विकता येणार नाही, म्हणजे गिऱ्हाइकं थोडी आणि भावही पडतो. आम्ही दोघं डायनिंग टेबलवर बसून आज घरात कुठल्या वंशाचे राहायचं यावर रात्री दीड वाजेपर्यंत भांडलो. शेवटी आम्ही कागदावर चायनीज. आई फोनवर म्हणाली, लग्नात नाव नाही बदललंस आणि आता वंश बदललास.

शिफ्टिंगची तारीख हे आणखी एक. सासूबाई म्हणाल्या भुतांच्या महिन्यात घर बदलायचं नाही, म्हणजे त्यांच्या पंचांगातला सातवा महिना, तो त्या वर्षी १४ सप्टेंबरला संपत होता. आई म्हणाली पितृपक्षात अजिबात नको, तो २९ ला लागत होता. मधे उरले बरोब्बर दोन आठवडे आणि त्यात १९ ला गणपती. दोन्ही विहिणींचं आयुष्यात पहिल्यांदा एकमत झालं ते त्या दोन आठवड्यांवर, आणि खोकी उघडायच्या आधी आम्ही एका खोक्यावरच गणपती बसवला.

आता जागेबद्दल. तोआ पायो हे नाव म्हणजे होक्क्येन 'तोआ' म्हणजे मोठं आणि मलय 'पाया' म्हणजे दलदल, म्हणजे नावच मिक्स मॅरेज. आमचा ब्लॉक सत्तरच्या दशकातला, लांबच लांब कॉमन कॉरिडॉरवाला. गिरगावातली चाळ ज्यांनी पाहिलीये त्यांना एका वाक्यात कळेल: गॅलरी, रांगेत दारं, दाराबाहेर चपला आणि कुंड्या, जाणारा येणारा जाळीच्या दारातून आत डोकावणार. कॉन्डोत सगळे सभ्य होते आणि कोणालाच काही माहीत नव्हतं. इथे तिसऱ्या दिवशी अख्ख्या मजल्याला माहीत होतं की ही लेकीची आई आहे, मेड नाही, नवरा कोणाचा मुलगा, पगार किती असेल याचाही अंदाज बांधून झाला होता. चौकशा भयंकर. पण एकदाच करतात, आणि मग तुम्ही त्यांचे.

पहिल्या आठवड्यात मी आमटीला फोडणी दिली, मोहरी, हिंग, कढीपत्ता, आणि पाच मिनिटांत शेजारच्या आंटीने जाळी वाजवली. माझ्या पोटात गोळा, झाली तक्रार. तर त्या म्हणे हे काय आहे, कफ मोकळा झाला माझा! दोन दारं सोडून एक मलय मकचिक, म्हणजे मावशी, आहेत, त्या रविवारी बलाचान भाजतात, म्हणजे कोळंबीचा आंबवलेला गोळा, तेव्हा अख्खा मजला खोकतो. मी एकदा सुकट भाजून परतफेड केली, कोणी काही बोललं नाही. आंटी लेकीला रोज विचारतात "चिआक पा बुए", म्हणजे जेवलीस का, आणि लेक त्यांना कधी होक्क्येनमधे आणि कधी "हो जेवले" असं मराठीत ठोकून देते. आंटीला आता 'जेवले' कळतं. उच्चार 'जेवलेऽऽ ला' असा आहे, शेवटचा 'ला' इथला.

आजूबाजूला लियान शान शुआंग लिन हा जुना बौद्ध मठ, लोरोंग ८ ला (लोरोंग म्हणजे गल्ली) कालीअम्मनचं देऊळ, ब्रॅडेल रोडला मशीद, सगळं चालत जाण्यासारखं. लोरोंग ६ ला १९७९ चा तो प्रसिद्ध ड्रॅगन आहे, मुलांना चढा-उतरायला, खाली खरी वाळू, लेकीचे खिसे रोज भरलेले आणि माझं वॉशिंग मशीन भोगतंय. एमआरटीने, म्हणजे इथल्या मेट्रोने, तोआ पायो, नोव्हेना, न्यूटन, तिथे डाउनटाउन लाइन पकडून पुढचंच स्टेशन लिटिल इंडिया, त्यामुळे कढीपत्ता आणि खोवायला नारळ यासाठी कधी अडलं नाही.

भाषेचं मात्र सांगून ठेवते, ते घराच्या जागेने सुटत नाही. २०११ पासून मुलांची रेस डबल लिहिता येते, लेक 'चायनीज-इंडियन' आहे, पण कोट्याला मोजतात पहिला शब्द, म्हणून कुठला आधी लिहायचा त्यावर पण आधी विचार करा, आम्ही हॉस्पिटलमधून आल्यावर अर्धवट झोपेत केला. शाळेत मदर टंग म्हणून चायनीज किंवा तमिळ, किंवा हिंदी, बंगाली, गुजराती, पंजाबी, उर्दू. मराठी यादीतच नाही. मग आईच्या बाजूची भाषा म्हणून हिंदी घ्यायची? मला ते पटेना, ती माझी मदर टंग कधी होती? शेवटी चायनीज घेतलं. मराठी घरात, आजीच्या व्हिडिओ कॉलवर आणि महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत, जेवढं टिकेल तेवढं.

वाईट बाजू. बिल्डिंग जुनी, ९९ वर्षांच्या लीजमधली निम्मी वर्षं संपलेली, तरी भाव ऐकून घाम फुटतो. मध्यवर्ती जागा म्हणून या भागात मोठे फ्लॅट दहा लाख डॉलरच्या वर गेलेत, आमचा छोटा, एचडीबीच्या हिशोबात '३ रूम' म्हणजे हॉल धरून, आपल्या भाषेत टू बीएचके. भुतांच्या महिन्यात खाली कागदी नोटा जाळतात, त्याची राख वाळत घातलेल्या कपड्यांवर. खालच्या मोकळ्या जागेत एका शनिवारी मलय लग्न, पुढच्या मंगळवारी चायनीज मयत, तीन-चार दिवस ढोल आणि झांजा, वर्क फ्रॉम होम असेल तर विसरा. आणि लिफ्टमधले एक अंकल अजून लेकीला विचारतात की तू नक्की काय आहेस, चायनीज का इंडियन. ती सांगते, "बाराव्या मजल्यावर राहते."

तर ५ पैकी ४. एक मार्क राखेचा आणि लीजचा मिळून कापला. बघायला जाल तेव्हा एजंट रविवारी सकाळी बोलावेल, तेव्हा नका जाऊ, संध्याकाळी सातला जा, सगळ्यांचे गॅस चालू असताना पाच मिनिटं कॉरिडॉरमध्ये नुसतं उभं राहा. आमच्या खालच्या मजल्यावरचा एक सध्या विकायला आहे, पण कोटा दर महिन्याच्या १ तारखेला बदलतो, तेव्हा आधी एचडीबीच्या साइटवर ब्लॉक नंबर टाकून बघा आणि मग नवऱ्याशी भांडायला बसा.