अटलांटिकचे दोन हंगाम: 2005 आणि 2020

अटलांटिक महासागरातली नुसती चक्रीवादळं मोजली तर 2020 पुढे. 30 वादळं, 2005 मध्ये 28, त्यातलं एक तर बिननावाचंच. दोन्ही वर्षी वादळांसाठी ठरवलेल्या नावांची यादी संपली आणि ग्रीक अक्षरांची नावं द्यायची वेळ आली.

पण ताकदीत 2005 ला तोड नाही. विल्मा वादळाच्या केंद्रातला हवेचा दाब 882 मिलिबारपर्यंत उतरला, अटलांटिकमधला आजवरचा नीचांक; दाब जितका कमी तितकं वादळ जोरदार. कतरिना वादळात अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्सचे बांध फुटले नि जवळपास 80 टक्के शहर पाण्याखाली गेलं; वाऱ्यापेक्षा बांधांनीच दगा दिला म्हणायचं.

2020 चा मार वेगळा, एकाच जागी दोनदा. अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यात लॉरा वादळानं फाडलेल्या छपरांवर निळी ताडपत्री असतानाच डेल्टा वादळ येऊन आदळलं. मध्य अमेरिकेतल्या निकाराग्वात एटा वादळापाठोपाठ दोन आठवड्यांत आयोटा. माझ्या मते भयंकर 2005च; 2020 छळवादी.