मीटरवर 71 हजार

2024 च्या मे महिन्यात पुण्यातल्या एका जुन्या गाड्यांच्या दुकानातून मी 2014 सालची डिझेल हॅचबॅक घेतली. 3 लाख 40 हजारांना. मीटरवर रनिंग होतं 71,240. दहा वर्षांत एवढंच म्हणजे गाडी घरातच बसून होती, असं मला वाटलं आणि मी खूश झालो. साधा हिशोब केला असता तर दिवसाला वीस किलोमीटरही पडत नव्हते. एवढंसं फिरायला जास्तीचे पैसे मोजून डिझेल गाडी कोण घेतो? हा प्रश्न मला पडला, पण चार महिन्यांनी.

तिथं दिसायला सगळं होतं. स्टिअरिंगवर नवं कव्हर, सीटवर नवी कव्हरं आणि पायाखाली पेडलची रबरं कोरी करकरीत. मला वाटलं, गाडी किती जपलीय! 71 हजार चाललेल्या गाडीला पेडलचं रबर बदलायची वेळ येत नाही, हे नंतर मिस्त्रीने सांगितलं. ड्रायव्हरच्या सीटचा फोम मात्र एका बाजूने बसलेला होता. तो मला जाणवला होता, पण तोवर इसार देऊन झाला होता.

घरी साताऱ्याला आणताना खंबाटकी चढताना मागच्या ट्रकवाल्याने दोनदा डिपर दिला. साइड मागतोय असं समजून मी डावीकडे घेतली. बायको आरशात बघून म्हणाली, "अहो, धूर केवढा येतोय." निळसर होता. दुकानदाराला फोन केला तर तो अगदी गोड आवाजात म्हणाला, "सर, बरेच दिवस उभी होती ना, कार्बन जळतोय. दोन टाक्या फिरवा, मोकळी होईल."

दोन टाक्या फिरवल्या. सहाशे किलोमीटरमध्ये डिपस्टिकवरचं तेल वरच्या खुणेवरून खालच्या खुणेवर आलं, म्हणजे साधारण लिटरभर तेल गाडीने खाल्लं.

इथं मी दुसऱ्यांदा फसलो, आणि खरं तर हे सगळं लिहितोय ते या दुसऱ्या फसण्यासाठी. दुकानदाराने "आपला माणूस आहे" म्हणून एक गॅरेज सांगितलं. मी गेलो. त्याने इंजेक्टर साफ केले, टर्बोचा पाइप बदलला, ऑइल बदललं, 31,500 घेतले. धूर गायब! पंधरा दिवस मी सगळ्यांना सांगत फिरलो की किरकोळच होतं. नंतर कळलं की आत नेहमीपेक्षा जाड ऑइल आणि धूर दाबणारं औषध घातलं होतं. त्याचा असर उतरला आणि धूर परत सुरू. पैसे गेले त्याहून वाईट म्हणजे आता मला ती गाडी "वाया जाऊ द्यायची नाही" असं वाटायला लागलं. 31 हजार घातलेत, आणखी वीस घातले की सुटेल. क्लच जड होता, त्याचंही कोटेशन काढून ठेवलं होतं.

शेवटी सप्टेंबरमध्ये साताऱ्याच्या एमआयडीसीतल्या एका मिस्त्रीकडे नेली. त्याने बॉनेट उघडलं, इंजिन चालू ठेवूनच ऑइल भरायचं झाकण काढलं आणि मला म्हणाला, "हात धरा सर वर." तळहातावर फक् फक् गरम वारा आणि तेलाचे बारीक थेंब. नवं इंजिन असं श्वास टाकत नाही म्हणाला. कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, बघितलं, चारपैकी दोन सिलिंडर बसलेले. "पिस्टनच्या रिंगा गेल्यात. पण ही गाडी 71 ची नाही. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला नंबर देऊन बघा."

तिथल्या काउंटरवरच्या पोराने स्क्रीन माझ्याकडे वळवली. 2014 पासून दर तीन-चार महिन्यांनी सर्व्हिस, दर खेपेला साधारण दहा हजार किलोमीटर. शेवटची नोंद नोव्हेंबर 2019 ची, 1,64,300. त्यानंतर काहीच नाही. पुढची साडेचार वर्षं गाडी कुठं, किती आणि कोणत्या ऑइलवर पळाली, देव जाणे. खरं सांगतो, मला 1,64,000 ची भीती वाटली नाही. वेळेवर ऑइल बदललेली डिझेल गाडी तेवढ्यावर मरत नाही. भीती त्या मोकळ्या जागेची होती.

मिस्त्रीचा अंदाज हाफ इंजिनला, म्हणजे रिंगा-पिस्टन बदलायला, 95 हजार. ब्लॉकला स्लीव्ह, म्हणजे सिलिंडरला आतून नवं अस्तर, लागली, टर्बो गेलेला निघाला तर दीड लाख. "एकदा हेड उतरवलं की मधे थांबता येत नाही. माझं काम जाईल, पण तुम्ही खोलू नका," म्हणाला. तसंच चालवत राहू का विचारलं, तर त्याने नको म्हणून मान हलवली. डिझेल इंजिनात तेलच जळण म्हणून आत ओढलं जायला लागलं तर चावी काढली तरी इंजिन थांबत नाही, घाटात तर विचारूच नका. रात्री वहीत मांडलं: खऱ्या रनिंगला ही गाडी दुरुस्त होऊनही दोन-सव्वादोन लाखांच्या वर जात नव्हती. माझे 3 लाख 71 हजार आधीच आत. तो आकडा खोडला, तेव्हा उत्तर लगेच आलं.

तक्रारीचं म्हणाल तर 1915 या ग्राहक हेल्पलाइनला फोन केला. जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत जाता येतं, तेही कळलं. पण कागद काढले तर माझ्या हातात एक डिलिव्हरी नोट, त्यावर "गाडी चालवून पाहून आहे त्या स्थितीत स्वीकारली" आणि खाली माझी सही. किलोमीटरचा रकाना कोरा! गाडी नावावर करायच्या टीटी फॉर्मवर सह्या करण्याच्या गडबडीत तो मी बघितलाच नव्हता. जाहिरातीतल्या 71 हजारांचा स्क्रीनशॉटही काढून ठेवला नव्हता. 1 एप्रिल 2023 पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओचं अधिकारपत्र लागतं. या दुकानदाराकडे ते आहे का, हे विचारायचंही मला सुचलं नव्हतं.

ऑक्टोबरमध्ये गाडी विकली. घ्यायला आलेला माणूस स्वतः मिस्त्री होता, इंजिन तोच करणार होता. त्याने पहिला प्रश्न विचारला, "मीटर किती?" मी म्हटलं, मीटर 74 सांगतंय, खरं 1,64,000 च्या पुढं कितीही धरा, आणि तेल खाते. सर्व्हिसच्या नोंदी लिहून आणलेला कागदही दिला. तो हसला. "खरं बोलणारा पहिलाच भेटला," म्हणाला आणि ठरलेल्या 1 लाख 75 मधून आणखी दहा हजार कापून घेतले.