पिंग जी४३० मॅक्स १०के: लांब जातो, पण स्विंगला बसवून घेतलात तरच

क्लबवर जो तो पहिलं हेच विचारतो, किती यार्ड वाढले? वाढलेत, चांगलेच वाढलेत, पण ते श्रेय एकट्या हेडचं, म्हणजे बॉलला लागणाऱ्या डोक्याचं, नाही. मी हा गोल्फचा ड्रायव्हर (सगळ्यात लांब फटका मारायची काठी) लॉफ्ट (फेसचा, म्हणजे बॉलला लागणाऱ्या बाजूचा कल), शाफ्ट (दांडा), लांबी सगळं लाँच मॉनिटरवर, म्हणजे फटक्याचे आकडे मोजणाऱ्या यंत्रावर, बघून बसवून घेतला आणि पुण्यात उन्हाळा-पावसाळा दोन्हीत खेळून झालंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी हेड. २०२४ च्या सुरुवातीला आलेलं मॉडेल. नावातलं १०के म्हणजे एमओआय, म्हणजे बॉल मधोमध नाही लागला तर हेड पिळवटायला किती विरोध करतं ते. आडव्या आणि उभ्या दिशेची बेरीज १०,००० च्या वर जाते. त्यासाठी मागच्या टोकाला टंगस्टनचं जड वजन बसवलंय. प्रत्यक्षात फायदा असा की टोकडे, म्हणजे हेडच्या बाहेरच्या टोकाकडे, लागलेला बॉल पूर्वी फुसका जायचा आणि झाडीत वळायचा, तो आता बऱ्यापैकी लांब जातो आणि निदान सापडतो तरी. रविवारी खेळणाऱ्या आपल्यासारख्यांना याच्यापेक्षा मोठं काय पाहिजे.

आता फिटिंग, आणि खरी गंमत इथेच आहे. माझा स्विंग स्पीड ताशी ९० मैलांच्या थोडा वर. जुना ड्रायव्हर ९ डिग्री लॉफ्टचा, स्टिफ (कडक) शाफ्ट, बॉल खालून निघायचा आणि लवकर नाक टाकायचा. फिटरने एका वाक्यात समजावलं, "सर, स्पीड कमी असेल तर बॉलला हवेत राहायला लॉफ्ट लागतो, कमी लॉफ्ट हा जोरात मारणाऱ्यांचा खेळ आहे." पटत नसेल तर ट्रॅकमन या लाँच मॉनिटर कंपनीचे काही वर्षांपूर्वीचे टूरचे सरासरी आकडे बघा, एलपीजीएच्या (महिलांच्या व्यावसायिक टूरच्या) मुली साधारण ९४ मैलांनी मारायच्या, बॉलवर किंचित वर जाताना हिट करायच्या, बॉल १३ डिग्रीच्या आसपास निघायचा आणि कॅरी, म्हणजे बॉलने हवेत कापलेलं अंतर, २१८ यार्डांच्या घरात. आपला स्पीड त्यांच्या जवळपासचा आणि ड्रायव्हर निवडताना बघायचं मात्र पीजीएच्या पुरुषांकडे, हे कशाला? मला १०.५ चं हेड दिलं आणि होझलवर, म्हणजे शाफ्ट हेडला जोडतो तिथे, एक डिग्री वाढवली. बॉल १३-१४ ने निघायला लागला, स्पिन (बॉलची फिरकी) मिनिटाला २६०० फेऱ्यांच्या आसपास स्थिर. लॉफ्ट वाढवला की फेस थोडा बंद होतो, त्यामुळे माझा स्लाइसही, म्हणजे बॉलचं उजवीकडे वळणं, आपोआप कमी झालं, हा बोनस.

पण सगळ्यात जास्त फरक पडला तो लांबीने. फिटरने फेसवर पायाला मारायचा पांढरा पावडर स्प्रे मारला आणि मारत राहा म्हणाला. थोड्याच वेळात टोच्या बाजूला बॉलच्या ठशांचा पुंजका तयार झाला, डिंपल्ससकट स्पष्ट दिसत होता. मग अर्धा इंच आखूड शाफ्ट लावला, फेस पुसून परत स्प्रे, आणि पुंजका सरकून जवळजवळ मध्यावर आला. हेडचा स्पीड अगदी किंचित घटला, बॉलचा स्पीड मात्र वाढला. बॉल स्पीड एक मैल वाढला की अंदाजे दोन यार्ड कॅरी वाढते, मग लांब शाफ्टचा हट्ट कशासाठी करायचा सांगा.

शाफ्टच्या फ्लेक्सबद्दल, म्हणजे लवचिकपणाबद्दल, एक गोष्ट नक्की लक्षात ठेवा. रेग्युलर, स्टिफ याला कंपन्यांमध्ये कुठलंही सामायिक माप नाही, एकाचा रेग्युलर दुसऱ्याच्या स्टिफसारखा लागू शकतो. मला एका दुकानात स्विंग न बघताच "सर, तुमच्या पर्सनॅलिटीला स्टिफच" असं सांगितलं होतं, असल्या सल्ल्यावर एवढे पैसे घालू नका. मारून बघा, ठसे बघा, मग ठरवा.

पावसाळ्यात तर या फिटिंगचं मोल जास्तच कळतं. फेअरवे (मधला कापलेल्या गवताचा पट्टा) भिजलेला, बॉल पडतो तिथेच रुततो, रोल शून्य. जेवढी कॅरी तेवढाच शॉट. एप्रिल-मे मध्ये कडक जमिनीवर खालून गेलेला बॉलही घरंगळत जातो म्हणून कमी लॉफ्ट खपून जातो, जुलैमध्ये तोच उघडा पडतो.

तक्रारी? आहेत. मागचं वजन फिक्स्ड आहे, हलवता येत नाही, त्यामुळे ज्यांचा स्लाइस मोठा आहे त्यांनी याच सिरीजचा एसएफटी (स्लाइस कमी करायला बनवलेला) आधी मारून बघावा. जोरात मारणाऱ्यांनी आणि ज्यांचा स्पिन उगाच वर जातो त्यांनी एलएसटी, म्हणजे कमी स्पिनवाला. अ‍ॅड्रेसला, म्हणजे मारायला उभं राहिलं की, हेड मागे बरंच पसरट दिसतं, मला त्याने धीर येतो, माझ्या पार्टनरला बघवत नाही. मुद्दाम बॉल डावी-उजवीकडे (ड्रॉ-फेड) वळवायची हौस असेल तर हे हेड फारसं ऐकत नाही, सरळ जायचाच त्याचा स्वभाव.

२०२५ मध्ये जी४४० आलाय, त्यामुळे हा सेकंडहँड मिळाला तर जरूर विचार करा, होझलवर दीड डिग्रीपर्यंत वर-खाली करता येतं म्हणजे बसवून घ्यायला वाव आहे. फक्त फिटिंगला जाताना आपला नेहमीचा बॉल सोबत न्या, रेंजच्या (सरावाच्या मैदानावरच्या) झिजलेल्या बॉलवर स्पिनचे आकडे वेगळेच येतात आणि मग सगळं गणित त्या बॉलसाठी बसतं, तुमच्यासाठी नाही.