नऊ महिने हातातला इंडक्शन हीटर वापरल्यावर : जाम बेअरिंग, भिजलेले पंप आणि दीड मीटरची वायर

‘दोष आढळला नाही’ एवढेच लिहिलेला कागद, तपासणी शुल्काची ८५० रुपयांची पावती आणि सेवा केंद्रातून १७ दिवसांनी परत आलेले यंत्र, हे सगळे एकाच खोक्यातून बाहेर निघाले, त्याच संध्याकाळी हा अनुभव लिहायचे मी ठरवले होते. तेव्हा लिहिला असता तर त्यात शिव्यांखेरीज फारसे काही आले नसते. मध्ये दोन महिने गेले, एका बाबतीत माझे मत पुरते फिरले आणि दुसऱ्या बाबतीत ते तसूभरही हललेले नाही. ती दुसरी बाब म्हणजे या यंत्राला दिलेली दीड मीटरची वायर.

सांगलीजवळच्या कुपवाडला माझे मोटार आणि पंप दुरुस्तीचे लहान वर्कशॉप आहे. शाफ्टवर जाम बसलेली बेअरिंग, पुली, कपलिंग काढणे हे आमचे रोजचे काम असून, त्यासाठी आजवर तीन पायांचा पुलर (बेअरिंग पकडून ओढून काढायचे साधन), घण आणि गॅस एवढीच साधने होती. नऊ महिन्यांपूर्वी १७,५०० रुपये मोजून १५०० वॅटचा हातात धरायचा इंडक्शन हीटर, म्हणजे ज्वाळेविना कॉइलच्या चुंबकीय क्षेत्राने धातू तापवणारे यंत्र, घेतला. विक्रेत्याचे आणि बनावटीचे नाव मुद्दाम देत नाही, कारण बाजारात मिळणारी या वर्गातली यंत्रे पाहिली तर आतून बरीचशी एकाच वळणाची असतात.

पुलर लावला की बाहेरची रिंग आणि गोळ्या निघून येतात आणि आतली रिंग शाफ्टला तशीच चिकटून राहते, हा अनुभव प्रत्येक फिटरने घेतलेला असतो. पुलरला धरायला काही उरत नाही. पूर्वी आम्ही ग्राइंडरने ती रिंग जवळजवळ आरपार कापायचो आणि छिन्नीचा एक घाव घालून तडकवायचो. दहापैकी दोनदा तरी शाफ्टवर ग्राइंडरचा ओरखडा उठायचा आणि मग शाफ्टवरची बेअरिंग बसण्याची जागा धातूने भरून लेथवर नव्याने वळवण्याचे काम गळ्यात पडायचे. गॅस मारला तर काम लवकर व्हायचे, पण टॉर्च एकाच बाजूला जास्त वेळ रेंगाळला की शाफ्ट वाकतो. माझ्याकडे एका शाफ्टला गॅस मारल्यानंतर डायल गेजवर (बारीक वाकडेपणा मोजणाऱ्या मापकावर) ०.०८ मिलिमीटर फरक दिसला होता आणि तो सरळ करण्यात माझा एक दिवस गेला.

या यंत्रावरचे पहिले काम १५ अश्वशक्तीच्या मोटारीचे होते. बेअरिंग ६३०९, म्हणजे भोक ४५ मिलिमीटरचे. लवचीक कॉइलचे चार वेढे आतल्या रिंगेभोवती घेतले, बटण दाबले, आणि पाऊण मिनिटाच्या आत रिंगेवरचे जुने ग्रीस धुमसू लागले. मी पक्कड लावून नुसते वळवून पाहिले, तर रिंग बांगडीसारखी सरकून हातात आली. शाफ्टवर निळा डाग नाही, ओरखडा नाही, शेजारच्या वाइंडिंगला झळ नाही. आमच्या हेल्परने पक्कड खाली ठेवली आणि विचारले, “मालक, एवढंच?” त्याला उत्तर न देता मी दुसऱ्या बाजूची रिंग काढायला घेतली. पहिल्याच वेळी योगायोग झाला असेल अशी मला शंका होती.

योगायोग नव्हता, त्यामागे साधा हिशेब आहे. पोलाद प्रत्येक अंश सेल्सिअसला आपल्या मापाच्या दशलक्षांश १२ भागांनी वाढते. ४५ मिलिमीटरचे भोक शाफ्टपेक्षा १०० अंशांनी जास्त तापले तर ते ०.०५४ मिलिमीटरने मोठे होते. अशा शाफ्टवर ‘के ६’ बैठक, म्हणजे किंचित घट्ट बसणारे प्रमाणित माप, ठेवलेली असेल तर बेअरिंग जास्तीत जास्त ०.०३ मिलिमीटर आवळून बसलेले असते, म्हणजे सुटायला भरपूर जागा मिळते. पण त्याच वेळात शाफ्टही ६० अंशांनी तापला तर फरक फक्त ४० अंशांचा उरतो, भोक शाफ्टपेक्षा जेमतेम ०.०२२ मिलिमीटरने वाढते आणि रिंग जागची हलत नाही. म्हणून रिंग किती तापली यापेक्षा शाफ्ट तापायच्या आत ती तापली की नाही, यावर सगळे अवलंबून असते. आमच्यापैकी बहुतेकांनी गॅसवर हीच चूक वर्षानुवर्षे केली आहे. सुटत नाही म्हणून आणखी तापवायचे, त्यात शाफ्टही तापवायचा, आणि शेवटी गंज फार चढला आहे असे गिऱ्हाइकाला सांगायचे.

इंडक्शनचा खरा फायदा इथे दिसतो. कॉइलमधून उच्च वारंवारतेचा प्रवाह जातो आणि त्यामुळे धातूत फिरणारे भोवरा प्रवाह पृष्ठभागाच्या पातळ थरातच राहतात. उष्णता बाहेरून वाहत येत नाही, रिंगेच्या अंगातच तयार होते, आणि रिंग स्वतःच आड येत असल्याने तिच्याखालच्या शाफ्टपर्यंत कॉइलच्या चुंबकीय क्षेत्राचा फारसा भाग पोचत नाही. पहिल्या प्रयत्नात नाही सुटली तर तापवत राहू नये. सगळे पूर्ण गार होऊ द्यावे, शेजारच्या शाफ्टवर ओले फडके गुंडाळावे आणि पुन्हा झटक्यात तापवावे. गंजाने धरलेल्या कामात दुसऱ्या तापवणीनंतर सांध्यावर मेणबत्ती टेकवली की मेण वितळून आत ओढले जाते. मला याचा चांगला उपयोग झाला आहे, मात्र लाल झालेल्या लोखंडावर मेण टेकवले तर ते भडकते.

तापवल्यावर रिंगेचे भोक आतल्या बाजूला फुगून लहान होईल अशी शंका आमच्या हेल्परला होती. त्याचे आजोळ जतकडचे आहे. बैलगाडीच्या चाकाला लोहार धाव कशी चढवतो ते आठव, असे सांगताच त्याची शंका फिटली. गोवऱ्यांच्या आगीत तापवलेली धाव चाकावर सहज बसते आणि पाणी ओतले की लाकूड करकचून आवळते. आपण करतो ते त्याच्या उलटे, एवढाच फरक.

आता तक्रार. वर्कशॉपमध्ये रोटर (मोटारीचा फिरणारा भाग) टेबलावर असतो, सॉकेट भिंतीत गुडघ्याच्या उंचीवर असतो आणि या यंत्राची वायर दीड मीटर लांबीची आहे. टेबलाची कडा येते न येते तोच ती संपते आणि तापलेली कॉइल नेमकी रिंगेवर धरण्याच्या क्षणी हाताला हिसका बसतो. १७,५०० रुपयांच्या यंत्रात निर्मात्याने साडेतीन मीटर वायर वाचवून किती पैसे वाचवले असतील, याचा हिशेब मी तीन वेळा केला आहे, आणि दर वेळी रक्कम चहाभज्यांच्या बिलापेक्षा कमी आली. भिंतीवर टांगायच्या पंख्यालाही यापेक्षा लांब वायर मिळते. सोबतच्या माहितीपुस्तिकेत हातमोजे घाला, चष्मा घाला, हृदयात पेसमेकर असलेल्यांनी दूर राहा, अंगठी आणि कडे काढून ठेवा, अशा योग्य सूचना आहेत. यंत्राला चिकटून उभे राहा, ही सूचना मात्र द्यायची राहिली आहे.

वायर अपुरी म्हणून पहिल्या दिवसापासून मी जुन्या एक्स्टेन्शन बोर्डावर यंत्र चालवत होतो. सहाव्या महिन्यात ते मध्येच बंद पडू लागले. बटण दाबले की पाच-सात सेकंद चालायचे, लाल दिवा लागायचा आणि आवाज करून थांबायचे. उन्हाळ्याचे दिवस होते आणि साखर कारखान्यांचा हंगाम संपल्यामुळे दुरुस्तीची कामे साचली होती. मी विक्रेत्याच्या सेवा केंद्राला फोन केले, यंत्र कुरिअरने पाठवले, १७ दिवस गॅसवर काम काढले, आणि शेवटी तो ‘दोष आढळला नाही’चा कागद आला. फोनवर मी जे बोललो ते इथे लिहिण्यासारखे नाही. समोरची व्यक्ती मात्र शांतपणे विचारत होती, “साहेब, व्होल्टेज मोजलंत का?” मी मोटारी बांधणारा माणूस आहे, त्यामुळे हा प्रश्न मला अपमानाचा वाटला.

आठवड्याने यंत्र पुन्हा तसेच थांबले, तेव्हा मी मल्टिमीटर लावला. भिंतीतल्या सॉकेटवर २२१ व्होल्ट होते, आणि यंत्र चालू असताना एक्स्टेन्शनच्या टोकाला १९७. पिनेला हात लावला तर चटका बसला. बोर्डातली पट्टी सैल होऊन काळी पडली होती आणि साडेसहा अँपिअरच्या भाराखाली तिथेच सगळे व्होल्टेज खाल्ले जात होते. यंत्र स्वतःच्या बचावासाठी थांबत होते. म्हणजे सेवा केंद्राचा कागद खरा होता आणि माझे ८५० रुपये माझ्याच आळसापायी गेले. हे मी लेखी मान्य करतो. पण मुळात वायर पाच मीटरची असती तर एक्स्टेन्शनच लागले नसते, हा माझा मुद्दा त्यामुळे पडत नाही.

कॉइलच्या बाबतीत मात्र मी स्वस्तात सुटलो. तिसऱ्या महिन्यात एका कॉइलवरची पांढरी स्लीव्ह (उष्णता रोखणारे आवरण) जळून काळी पडली. चूक माझीच होती, कारण लालभडक रिंगेला कॉइल टेकवून मी दोन मिनिटांपेक्षा जास्त वेळ बटण दाबून धरले होते. नवी कॉइल ११०० रुपयांना, आणि कॉइल वॉरंटीत येत नाही. हा नियम तसा रास्तच आहे. मी तांब्याची तीच तार साफ केली आणि वाइंडिंगसाठी आणलेली फायबरग्लास स्लीव्ह चढवली. खर्च ४० रुपये. सहा महिने झाले, ती तशीच चालते आहे.

हे यंत्र सगळीकडे चालेल असे मात्र समजू नये. १२ इंची बिडाच्या व्ही-बेल्ट पुलीवर मी ते लावून पाहिले आणि वेळ फुकट घालवला. वीस किलो बीड १०० अंशांनी तापवायला १५०० वॅटला १५-२० मिनिटे लागतात, तोवर शाफ्टही तापतो आणि मघाचा सगळा हिशेब कोलमडतो. अशा कामाला गॅसच हवा, तोही दोन बाजूंनी दोन टॉर्च घेऊन फक्त बॉसभोवती (पुलीच्या शाफ्टवर बसणाऱ्या मधल्या जाड भागाभोवती) फिरवायचा, कारण एका जागी थांबले तर बीड तडकते. शिवाय तापवण्याआधी ग्रब स्क्रू (पुलीला शाफ्टवर पक्के धरणारा बिनडोक्याचा स्क्रू) पाहावा, आणि तो काढल्यावर त्याच भोकात खाली दुसरा ग्रब स्क्रू आहे का तेही पाहावे. हे मी का सांगतो आहे ते विचारू नये, दोन तास गेले होते.

दुसरी मर्यादा पंपांची. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत कृष्णाकाठचे असंख्य पंप पाण्याखाली गेले, आणि त्यांतले काही अजूनही कुणाच्या तरी गोठ्यातून निघून आमच्याकडे येतात. शाफ्टवर तांबूस भुकटी, इम्पेलर (पंपात पाणी ढकलणारे चक्र) जागचा हलत नाही. इम्पेलर बिडाचा असेल तर इंडक्शन बऱ्यापैकी चालते. गनमेटलचा (मुख्यतः तांबे आणि कथील यांच्या मिश्रधातूचा) असेल तर जवळजवळ नाही, कारण चुंबकाला न चिकटणारा आणि वीज सहज वाहू देणारा धातू या कॉइलला दाद देत नाही. गंमत अशी की गनमेटल पोलादापेक्षा दीडपट प्रसरण पावते, म्हणून गॅसच्या सौम्य झळीला ते लवकर सुटते. मात्र आत पाणी कोंडलेली बंद पोकळी असेल तर तिला कुठल्याच प्रकारे तापवू नये, वाफेच्या दाबाने ती फुटते. सीलचे रबरही आधी काढून घ्यावे, विशेषतः तपकिरी व्हिटॉनचे, कारण ते फार तापले की निघणारा धूर अतिशय विषारी असतो.

तापमान मोजताना मी सुरुवातीला फसलो. इन्फ्रारेड गन चकचकीत रिंगेवर ७० अंश दाखवत होती, आणि त्याच रिंगेवर पडलेला पाण्याचा थेंब चर्रकन उडून जात होता. चकचकीत धातूवर ती गन खोटे बोलते. रिंगेवर मार्करने काळा ठिपका काढून तिथे नेम धरला की आकडा बराच खरा येतो. काढलेले बेअरिंग भंगारात जाणार असेल तर चिंता नाही, पण परत वापरायचे असेल किंवा नवे तापवून बसवायचे असेल तर १२० अंशांच्या पुढे जाऊ नये.

नऊ महिन्यांच्या वहीत ६३ कामे नोंदवली आहेत. त्यांतली ४६ या यंत्राने निभावली, ११ गॅसवर गेली आणि ६ ठिकाणी शेवटी ग्राइंडरच धरावा लागला. ऑक्सिजनचे सिलिंडर पूर्वी महिन्याला दोन लागत, आता एक पुरते. ४५ ते ६० मिलिमीटरच्या शाफ्टवरच्या रिंगा, आणि त्यातही एनयू ३१२ सारख्या रोलर बेअरिंगची मागे राहणारी आतली रिंग, हे ज्यांचे रोजचे काम आहे त्यांनी हे यंत्र घ्यावे. ज्यांच्याकडे फक्त मोठ्या पुल्या येतात त्यांनी घेऊ नये.

वॉरंटीचे तीन महिने शिल्लक असताना गेल्या रविवारी मी यंत्राचे सील तोडले आणि पाच मीटरची अडीच चौरस मिलिमीटर तीन-कोअर वायर जोडली. खर्च साडेपाचशे रुपये. जाडी गरजेपेक्षा जास्त झाली हे मला मान्य आहे. काढलेली दीड मीटरची वायर सोल्डरिंग गनला लावली आहे, तिला ती बरोबर पुरते.